कच्चं मडकं आणि आर्काइव्ह केलेला मित्र

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. अडखळणं, खोकणं आणि मागे वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसं.)

हा भाग गेल्या बुधवारी यायचा होता, एक आठवडा उशीर झालाय. का झाला ते शेवटी सांगतो. आधी विषय.

विषय तुमच्यातल्याच एकीने सुचवला होता. ती म्हणाली, संत जन्माला येतात की सोबतीने घडतात, यावर बोला ना. मला वाटलं, सोपं आहे. संगत, सत्संग, चांगल्या माणसांत राहा, वीस मिनिटांत उरकेल. शाळेत सुविचाराच्या फळ्यावर हेच तर लिहायचो आपण. पण लिहायला बसलो आणि अडकलो, कारण डोक्यात सारखी एकच गोष्ट येत होती. थापटण्याची. तिथूनच सुरू करतो.

थापटणं माहितीये? कुंभाराचं हत्यार. लाकडाचं, चपटं, बॅटचं पिल्लू म्हणा. चाकावरून उतरवलेलं मडकं जरा सुकलं की कुंभार आतून गोटा धरतो आणि बाहेरून या थापटण्याने ठोकत ठोकत त्याला आकार देतो. आतला हात नसेल तर मडकं बसेल, आणि बाहेरून ठोकलं नाही तर ते जाड नि बेढब राहील. दोन्ही एकाच वेळी लागतं.

आता गोष्ट. सांगणाऱ्यागणिक ती थोडी बदलते, मी लहानपणी कीर्तनात ऐकली तशी सांगतो. गाव तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबा कुंभारांच्या घरी सगळी संतमंडळी जमलीत. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ताबाई, नामदेव, आणखीही. गप्पा चालल्यात. मुक्ताबाईंचं लक्ष त्या थापटण्याकडे जातं. त्या विचारतात, गोरोबाकाका, हे काय? ते म्हणतात, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग मुक्ताबाई म्हणतात, आम्ही पण मडकीच की. बघा बरं, आमच्यातलं कच्चं कोण?

मुक्ताबाईंचं वय लक्षात घ्या. त्यांचा जन्म १२७९ चा मानतात आणि ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. म्हणजे हे विचारणारी मुलगी फार फार तर सतरा वर्षांची. आणि भोवती सगळे नावाजलेले.

गोरोबा उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे शांत बसून राहतात. नामदेवांची पाळी येते आणि ते भडकतात. हा काय प्रकार आहे? माणसाला असं मारतात का? गोरोबा निकाल देतात: हे मडकं कच्चं.

सगळे हसले, असंही काही जण सांगतात. मला तो भाग जास्त लागतो. मार एक वेळ सहन होतो हो. आपल्याच माणसांसमोर कच्चे ठरणं, आणि वर ते हसणं, हे सहन होत नाही.

आणि नामदेव कोण होते तेव्हा? पंढरपुरातले सगळ्यात लाडके भक्त. लहानपणी त्यांच्या हातून देव जेवला, अशी ज्यांची ख्याती. शिंप्याच्या घरचा पोरगा, ज्याच्याशी विठ्ठल बोलतो. आजच्या भाषेत, निळी टिक असलेला माणूस. त्याला भर सभेत कच्चा म्हटलं.

मग नामदेवांनी तेच केलं जे मी केलं असतं. उठले आणि जिथे लाड होतात तिथे गेले. तडक पंढरपूर, विठ्ठलासमोर. बघ रे, मला हे असं म्हणाले. त्यांना वाटलं, देव समजूत काढेल. देव म्हणाला, बरोबर म्हणाले ते. तुला गुरू नाही. जा, विसोबा खेचरांकडे जा.

इथे थोडं थांबतो, कारण या विसोबांची स्वतःची गोष्ट नामदेवांइतकीच भारी आहे आणि ती कुणी फारशी सांगत नाही.

विसोबा हे आळंदीत या चार भावंडांचे विरोधक. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकण्यात पुढे. एकदा मुक्ताबाईंना मांडे करायचे होते. त्यासाठी मातीचं खापर लागतं. विसोबांनी गावातल्या कुंभारांना बजावलं, या पोरीला खापर द्यायचं नाही. ती रिकाम्या हाती रडत घरी आली. मग ज्ञानेश्वरांनी योगाने आपली पाठ तापवली आणि म्हणाले, भाज यावर. विसोबा हे चोरून पाहत होते. पाहिलं आणि आतून मोडले. आत येऊन उष्टं खायला लागले. मुक्ताबाईंनी त्यांना खेचर म्हटलं. खेचर म्हणजे घोडा-गाढवातला तो प्राणी. योगाच्या भाषेत खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, असाही अर्थ लावतात जाणकार. पण मला वाटतं पोरगी रागावलेली होती आणि तिला पहिलाच अर्थ अभिप्रेत असणार. विसोबांनी ती शिवीच नाव म्हणून घेतली आणि आयुष्यभर वापरली.

पाठीवर मांडे भाजले का, असं कमेंटमध्ये विचारू नका. महिपतींनी ‘भक्तविजय’ लिहिला १७६२ साली, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर साडेचारशेहून जास्त वर्षांनी. या कथा तोवर हजारो तोंडांतून गेल्या होत्या. पाठ तापली की नाही मला माहीत नाही. माझा मुद्दा वेगळाय. लोकांनी नामदेवांच्या गुरूसाठी कोणता माणूस निवडून गोष्टीत ठेवला? जन्मापासून पवित्र असलेला नाही. जो स्वतः लहान मुलीचा छळ करत होता आणि त्याच मुलांच्या सहवासात बदलला, तो. म्हणजे संगतीने बदललेल्या माणसाकडेच नामदेवांना पाठवलं.

नामदेव औंढा नागनाथला पोचतात. देवळात बघतात तर हा गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलाय. नामदेव म्हणतात, अहो, पाय काढा. विसोबा म्हणतात, म्हातारा झालोय, हलवत नाहीत. जिथे पिंड नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात, तिथे पिंड. तिसरीकडे ठेवतात, तिथेही पिंड. मग कळतं काय कळायचं ते. (अशीच गोष्ट गुरू नानकांची आणि मक्केची सांगतात. नामदेव आणि शीख परंपरेचं नातं पुढे येईलच.)

तर नामदेवांचा एकट्याचा एक विठ्ठल होता, पंढरपुरात, विटेवर, त्यांचे लाड करणारा. तो सगळीकडे असू शकतो हे त्यांना त्या विठ्ठलाकडे एकट्याने बसून कळलं नाही. त्यासाठी कुंभाराचं थापटणं लागलं, सतरा वर्षांच्या मुलीचा आगाऊपणा लागला, एका माजी खलनायकाचे पाय लागले.

आता मी माझ्यावर येतो. नको वाटतंय, पण येतो.

मागच्या वर्षी मी ज्ञानेश्वरांवर भाग केला होता. आठवत असेल काहींना, खूप शेअर झाला तो. माझ्या फोनवर दिवसभर नुसता पाऊस. ‘भारी’, ‘काटा आला’, ‘भाई तोड दिया’, आगीचे इमोजी. कॉलेजच्या ग्रुपवर तर दोन दिवस तेच. आणि माझा एक मित्र आहे, अकरावीपासूनचा. आम्ही एका बाकावर बसायचो, पुढे पुण्यात एका खोलीत राहिलो, एका मेसचा डबा दोघांत खाल्ला. त्याने चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली.

तो म्हणाला, आवाज तुझा नाही, तू कुठल्यातरी कीर्तनकाराची नक्कल करतोयस. म्हणाला, नामदेवांना तू ज्ञानेश्वरांचे धाकटे मित्र म्हणालास, अरे, नामदेव १२७० चे आणि ज्ञानेश्वर १२७५ चे, पाच वर्षांनी मोठे होते ते. आणि शेवटी म्हणाला, तुला यातलं काही जाणून घ्यायचंय असं वाटत नाही रे, तुला ऐकवायचंय फक्त.

मी लिहिलं, ‘थँक्स भावा 🙏’. आणि चॅट आर्काइव्ह केली.

ब्लॉक नाही केलं. ब्लॉक केलं असतं तर भांडण झालं असतं, मग कदाचित मिटलंही असतं. आर्काइव्हमध्ये काहीच होत नाही. मेसेज येतात, फोन वाजत नाही, वर कुठेतरी बारीक आकडा दिसतो, तो बघायचा नाही. आणि खरं सांगू? महिन्याभरात मला त्याची आठवण यायची पण बंद झाली. भारी म्हणणारे पुष्कळ होते.

पुढचं नंतर. आत्ता पंढरपूरला जाऊ.

मला नामदेवांच्या घराबद्दल बोलायचंय. पुस्तकात ते एकेकटे येतात, अभंगासारखे, खाली ‘नामा म्हणे’ अशी सही. पण ते घर डोळ्यासमोर आणा. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई. चार मुलं, चार सुना, बहीण, मुलगी. त्यातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. सुनांच्याही. आणि राजाईंच्या नावावरचे अभंग वाचाल तर तिथे नुसती भक्ती नाही. घरात दाणा नाही आणि नवरा देवळात बसलाय, ही तक्रार आहे, सरळ विठ्ठलाच्या बायकोकडे केलेली. गोणाई तर विठ्ठलाशी भांडते, माझा मुलगा परत दे म्हणून. म्हणजे संतांच्या घरातही कोणी ‘भारी’ म्हणत नव्हतं बरं का.

आणि त्याच घरात जनाबाई. गंगाखेडच्या. लहानपणीच दामाशेटींच्या घरी आल्या, कामाला. दळण, कांडण, शेणी, पाणी. मला नेहमी वाटतं, हीच मुलगी गावातल्या दुसऱ्या एखाद्या सधन घरी कामाला लागली असती तर? तेवढीच हुशार, तेवढीच तिखट. जातं तेच. पण आज तिचं नाव आपल्याला माहीत नसतं. जात्यावर ओव्या तर महाराष्ट्रातल्या सगळ्याच बायका म्हणत होत्या. त्यांतल्या किती जणींची नावं उरली? नामदेवांच्या घरात शब्दांना किंमत होती. मोलकरणीने केलेलं पद बैठकीत ऐकलं जात होतं, लक्षात ठेवलं जात होतं. जनाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःची, त्यात वाद नाही. पण ती उरली ती त्या घरामुळे.

मात्र, हे पण सांगायला हवं, त्या आयुष्यभर स्वतःला नामयाची दासीच म्हणत राहिल्या. भक्तीने म्हणाल्या, नम्रतेने म्हणाल्या, मान्य. पण दळणही त्याच करत होत्या. विठ्ठल येऊन त्यांना दळू लागतो, अशी कथा आहे, पंढरपुराजवळ गोपाळपूरला आजही जातं दाखवतात. माझी आजी ही गोष्ट सांगून हसायची. म्हणायची, घरातलं कुणी हात लावत नव्हतं, म्हणून देवाला यावं लागलं.

आजीचं हे वाक्य मला फार वर्षं नुसता विनोद वाटायचा. हल्ली वाटत नाही.

कारण याच मेळ्यातले चोखोबा. संतांची संगत किती दूर नेते आणि कुठे थांबते, हे चोखोबांच्या आयुष्यात जितकं दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. चोखामेळा महार. नामदेवांच्या सहवासात आले, त्यांना गुरू मानलं. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच आहे. सावता माळ्यांचे काशीबा गुरव यांनी. चोखोबांचे अनंतभट्ट यांनी. नावावरून कळतं ना, ब्राह्मण माणूस. तेराव्या-चौदाव्या शतकात एक ब्राह्मण समोर बसून एका महाराचे शब्द लिहून घेतोय. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं. संगत म्हणजे एकत्र भजन म्हणणं, एवढंच मला वाटत होतं. कुणीतरी बोलतंय आणि कुणीतरी ते जपून उतरवून घेतंय, ही पण संगतच. कदाचित जास्त कष्टाची.

पण चोखोबा देवळात नाही जाऊ शकले. ज्या विठ्ठलासमोर नामदेव बसून लाड करून घेत होते, त्या विठ्ठलाला चोखोबांनी बाहेरून हात जोडले. मेळा प्रेमाचा होता. मेळ्याने त्यांना मिठी मारली, त्यांचे शब्द उतरवले, त्यांना संत म्हटलं, पण दार नाही उघडलं. उघडू शकले नसतील, त्यांच्या हातात नसेल, मला मान्य आहे. तरी कर्ममेळ्याचे अभंग वाचा कधी. बापाच्या अभंगात जी वेदना सोसलेली दिसते, ती मुलाच्या अभंगात प्रश्न होऊन उभी राहते. तो देवाला विचारतो की आम्हाला हा असा जन्म देऊन तुला काय मिळालं. तो मुलगा संतांच्याच मांडीवर वाढला असणार. आणि तरी रागावलेला आहे. मला तर वाटतं, त्या मेळ्याची खरी ताकद तीच, की त्याचा रागही टिकला, गाळला नाही गेला.

चोखोबा गेले ते १३३८ साली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, महार वेठीला धरलेले. भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. ते मंगळवेढ्याला गेले. कथा अशी सांगतात की ढिगाऱ्यातली हाडं ते एकेक करून कानाला लावत होते. ज्या हाडातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू येईल ते चोखोबाचं. ती हाडं त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वाराशी समाधी बांधली. पुढे १३५० मध्ये नामदेव गेले, तेही तिथेच पायरी होऊन. पंढरपूरला गेलात तर बघा, नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. तुम्ही आम्ही विठ्ठलाकडे धावत असतो, फोन वर करून, आणि हे दोघं तिथे दारात एकमेकांसमोर.

आणि दार? ते उघडायला मे १९४७ उजाडला. साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा. चोखोबांना जाऊन सहाशे नऊ वर्षं झाली होती. साने गुरुजींवर कधीतरी वेगळा भाग करीन, कारण संगतीचीच गोष्ट तिथेही आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि कैदी असलेले साने गुरुजी ते भराभर लिहून घेत होते. आज आपण जी ‘गीता प्रवचने’ वाचतो ती त्या लिहून घेण्यामुळे. अनंतभट्टांचीच परंपरा.

हा, आणखी एक. नामदेव-ज्ञानेश्वरांचा सहवास तसा किती काळ होता? ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९० मध्ये, समाधी १२९६ मध्ये. तीर्थयात्रा, बैठका, वादविवाद, सगळं त्या मधल्या थोड्या वर्षांतलं. समाधीनंतर थोड्याच काळात बाकीची तीन भावंडंही गेली. त्यानंतर नामदेव चोपन्न वर्षं जगले. विचार करा. विशीतले पाच-सहा वर्षांचे मित्र, आणि पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्यांच्याशिवाय. समाधी सोहळ्याचं वर्णन नामदेवांनीच केलंय आणि ते वाचताना हा माणूस तिथे उभा होता असं वाटत राहतं. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांची आठवण आजही जपलेली आहे, २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. तेरमध्ये रुसून उठलेला माणूस दोन हजार किलोमीटरच्या आसपास लांब जाऊन अनोळखी लोकांमध्ये बसतो, त्यांच्या बोलीत गातो. रुसणारा माणूस इतक्या लांब नाही जाऊ शकत. म्हणून मला वाटतं, थापटणं कामाला आलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे असा मेळा मिळणार. तुकोबांना तरी कुठे मिळाला होता? ते १६०८ चे, नामदेव जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती. पण तुकोबा स्वतः सांगतात की नामदेव विठ्ठलाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कविता करायला सांगितली. त्याआधी काय केलं होतं तेही सांगतात, जुन्या संतांची वचनं आदराने पाठ केली होती. ज्याला रात्रंदिवस ऐकलं तोच स्वप्नात येणार ना. मी रात्री एक वाजेपर्यंत रील बघून झोपलो की माझ्या स्वप्नात कोण येतं ते मी सांगत नाही.

जिवंत सोबतीही होते बरं. चाकणचे संताजी जगनाडे, तेली समाजातले, त्यांच्या वह्या आहेत तुकोबांच्या अभंगांच्या. पुन्हा लिहून घेणारा.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी वारीत एक दिवस चाललो, पुणे ते सासवड. पुण्यातली बरीच आयटीवाली पोरं तेवढंच चालतात, दिवे घाटात फोटो काढतात आणि संध्याकाळी पीएमटीने परत. मी त्यातलाच. एका दिंडीत घुसलो, कुणीतरी हातात टाळ दिले. मी जोशात वाजवायला लागलो. चुकीचे, अर्थात. शेजारचे काका सत्तरीचे असतील, पांढरं धोतर, ओल्या टोपीखाली घाम. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. गाताना नुसता डावा हात लांब करून माझं मनगट दाबून धरलं. दोन आवर्तनं धरून ठेवलं. मग सोडलं. मी परत चुकलो. परत धरलं. असं हडपसरपासून घाटापर्यंत. एक शब्द बोलले नाहीत. घाट चढल्यावर माझ्या पाया पडले, मला म्हणाले ‘माउली’. मी गडबडून त्यांच्या पाया पडलो.

त्या दिवशी मी स्टोरी टाकली होती, ‘वारी = व्हाइब’ अशी. मनगटाचं नव्हतं लिहिलं. मनगटाचं मला या भागाची तयारी करताना आठवलं.

बरं. आता उशिराचं कारण.

दोन महिन्यांपूर्वी कॉलेजचा एक जण भेटला, चहा घेताना सहज म्हणाला, तू आला नव्हतास रे त्याच्या वडिलांच्या वेळी, बाहेरगावी होतास का? मला कळेना कोणाच्या. मग कळलं. घरी येऊन आर्काइव्ह उघडलं. व्हॉइस नोटनंतरचा माझा ‘थँक्स भावा’. त्याखाली त्याने पाठवलेले तीन-चार मेसेज, एक लेखाची लिंक, एकदा नुसतं ‘कुठेयस?’. आणि मग, ‘बाबा गेले. अकरा वाजता वैकुंठ.’ त्याला नऊ दिवस झाले होते. त्याच्या घरी मी किती वेळा जेवलोय. काका मला त्याच्याआधी वाढायचे.

त्यानंतरही मी लगेच गेलो नाही, खोटं कशाला बोलू. काय तोंड दाखवायचं, या विचारात सहा आठवडे काढले. सहा आठवडे. मध्ये या भागासाठी नामदेव मंगळवेढ्याला गेले ते लिहीत होतो, हाडं कानाला लावण्याचं वाक्य लिहिलं, वाचलं, छान जमलंय असं वाटलं. आणि मग लॅपटॉप बंद केला.

गेल्या मंगळवारी गेलो. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, ये, केस किती वाढवलेस. तो आत होता. मी जे काय पाठ करून गेलो होतो ते निम्मं बोललो, निम्मं नाही आलं. तो गप्प होता बराच वेळ. मग म्हणाला, राग आला होता. आत्ताही आहे. मी म्हटलं, हो. काकूंनी पोहे आणले. पोहे संपल्यावर त्याने विचारलं, चालू आहे का ते तुझं?

मी फोनवर या भागाचं लिखाण उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, मध्ये एकदा चष्मा पुसला. मग पेन मागितलं, म्हटलं फोनवर आहे, मग वहीत लिहून काढलं. पहिली नोंद: थापटण्याची गोष्ट तू ‘घडली’ म्हणतोयस, ‘सांगतात’ म्हण. दुसरी: विसोबांच्या जागी तू स्वतःला बसवलं होतंस, ते काढ, तू नामदेव पण नाहीयेस. तिसरी: शेवटी तू संगत कशी निवडावी याचे पाच मुद्दे दिलेत, ते कोणी मागितलेत?

पाच मुद्दे काढले. विसोबांचं काढलं. ‘सांगतात’ तुम्ही ऐकलंतच. चौथ्या नोंदीवर आमचा वाद झाला, त्याचं म्हणणं मनगटाची गोष्ट पण काढ, जास्त गोड आहे. ती मी ठेवली. नवीन लिहायला, परत रेकॉर्ड करायला आठवडा गेला.

रेकॉर्डिंग त्याला काल रात्री पाठवलंय. अजून ऐकलेलं दिसत नाही. पुढच्या बुधवारी भेटू.